कॉम्प्युटरला पाणी पाजण्याआधी...

कस्टम वॉटर कूलिंगवाला गेमिंग पीसी म्हणजे घरातला बारमाही गणपती असतो. काचेचं कॅबिनेट, आत चकचकीत नळ्या, नळ्यांतून फिरणारं रंगीत पाणी आणि वर दिव्यांची रोषणाई. ज्याला गेमिंगमधलं ओ की ठो कळत नाही तोसुद्धा दोन मिनिटं बघत उभा राहतो. आणि असा पीसी प्लॅन करायला बसलेला माणूस ओळखायचा कसा? त्याच्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी असते. रेडिएटर किती, पंप कुठला, नळी मऊ की कडक, फिटिंग्ज किती... आणि नुसत्या नळ्या-फिटिंग्जची बेरीज एका चांगल्या प्रोसेसरच्या किमतीच्या पुढे कधी गेली, हे त्यालाही कळलेलं नसतं.

ही शीट पूर्ण करण्याआधी एक जुनी गोष्ट माहीत असलेली बरी. कॉम्प्युटरमध्ये पाणी घालायची सुरुवात काही हौशी गेमर्सनी केली नाही. त्यांच्या कितीतरी आधी ते घातलं आयबीएमच्या टाय लावणाऱ्या इंजिनियर लोकांनी, आणि तेही दुसरा इलाज उरला नाही म्हणून. गेल्या साठ वर्षांत पाणी कॉम्प्युटरमध्ये आलं, गेलं, परत आलं, परत गेलं, आणि आता तिसऱ्यांदा मुक्कामाला आलंय. ते का आलं यापेक्षा ते दोनदा का गेलं, यात मला जास्त रस आहे. कारण आपल्या एक्सेल शीटला लागणारं शहाणपण तिथेच आहे.

आधी थोडं फिजिक्स, पटकन. एक लिटर हवा आणि एक लिटर पाणी एक-एक अंशाने तापवायचं म्हटलं, तर पाण्याला सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता लागते. उलटं वाचलं तर तेवढ्याच जागेतून पाणी साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकतं. पाणी हा जबरदस्त हमाल आहे. पण हमालच! तो उष्णता उचलून दुसरीकडे टाकतो, नाहीशी करत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६७ साली आयबीएमने सिस्टम/३६० मॉडेल ९१ हे मशीन नासाच्या गोडार्ड केंद्राला दिलं. त्या काळातला राक्षस. त्याचे सर्किट बोर्ड इतके दाटीवाटीने बसवलेले होते की एका टोकाने सोडलेली हवा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत भट्टीसारखी व्हायची. मग त्यांनी हवेच्या वाटेतच थंड पाण्याच्या नळ्या बसवल्या. थोडी तापली हवा की गार करायची, पुढच्या बोर्डांवर सोडायची, परत गार करायची. पाणी चिपजवळ पोचलं नव्हतं, पण कपाटात शिरलं होतं.

चिपच्या डोक्यावर पाणी बसलं ते १९८० मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरात आयबीएमने ३०८१ हे मेनफ्रेम जाहीर केलं आणि त्यात 'थर्मल कंडक्शन मोड्यूल' नावाची एक वस्तू होती. ही वस्तू समजून घेण्यासारखी आहे. ९० मिलिमीटर चौरस सिरॅमिकची पाटी, आत वायरिंगचे ३३ थर, आणि पाटीवर शंभराहून जास्त चिप्स. प्रत्येक चिपच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा एकेक दट्ट्या, स्प्रिंगने हलकेच दाबलेला. का? तर शंभर चिप्स काही एका पातळीत बसत नाहीत, कुणी तिरकी, कुणी खोल. सगळ्यांवर एकच सपाट धातू ठेवला तर निम्म्यांना टेकणारच नाही. म्हणून प्रत्येकीला आपापला दट्ट्या. उरलेल्या बारीक फटींत हवा राहू नये म्हणून आत हेलियम भरलेला, कारण हेलियम हवेच्या साधारण सहापट चांगली उष्णता वाहतो. आणि या सगळ्यावर झाकणासारखी थंड पाण्याची प्लेट. आज आपण प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावतो ना, ती त्या हेलियमची वारसदार. आणि ब्लॉकच्या स्क्रूखालच्या स्प्रिंगा या त्या दट्ट्यांच्या भाच्या.

एवढा सगळा कुटाणा किती उष्णतेसाठी? एका मोड्यूलची ३०० वॅट! आजचं मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्डसुद्धा यापेक्षा फार मागे नसतं.

आयबीएमने आणखी एक शहाणपणा केला होता. बिल्डिंगच्या चिलरमधलं पाणी थेट मशीनमध्ये सोडायचं नाही. मध्ये एक वेगळं कपाट. एका बाजूला बिल्डिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला मशीनचं स्वतःचं शुद्ध पाणी, दोघांची भेट फक्त हीट एक्स्चेंजरमध्ये. कारणं दोन. बाहेरच्या पाण्यातला गाळ नि क्षार मशीनच्या बारीक वाटांत शिरू नयेत हे एक. आणि मशीनमधलं पाणी मुद्दाम फार गार ठेवायचं नाही, नाहीतर हवेतली वाफ नळ्यांवर धरते, हे दुसरं. जुलैत मुंबईत फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवा, खाली जे तळं साचतं ते मदरबोर्डावर नको.

याच काळात सेमूर क्रे नावाचा अवलिया वेगळ्याच वाटेने चालला होता. त्याचा १९७६ चा क्रे-१ फ्रिऑनवर, म्हणजे फ्रिजच्या तत्त्वावर थंड व्हायचा. सुमारे ११५ किलोवॅट वीज खाणारं ते मशीन गोल खांबासारखं होतं आणि त्याच्या पायाशी चक्क बसायला गादीचा बाक, ज्याच्या पोटात पॉवर सप्लाय लपवलेले. पुढे १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर त्याने सगळे बोर्डच फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवले. या द्रवातून वीज वाहत नाही, त्यामुळे शॉर्ट सर्किटची भीती नाही. पारदर्शक टाकीत तो द्रव खळाळताना दिसायचा, म्हणून मशीनचं लाडाचं नाव पडलं 'बबल्स'. मंडळी, काचेच्या कॅबिनेटची हौस आपल्या पिढीची नाही बरं का :-)

आता गोष्टीतलं पहिलं वळण. आयबीएमची मोड्यूल्स तापतच गेली. १९९० च्या ईएस/९००० मालिकेत एकेक मोड्यूल दोन किलोवॅटपर्यंत पोचलं. म्हणजे बाथरूममधला गिझर, तळहातापेक्षा जरा मोठ्या पाटीवर! पाण्याने साथ दिली, तक्रार केली नाही. पण अख्ख्या मोठ्या मशीनची भूक दीडशे केव्हीएच्या घरात गेली.

यामागचं कारण होतं बायपोलर ट्रान्झिस्टर. या जातीची सर्किट्स भन्नाट वेगवान, पण त्यातून करंट सतत वाहत असतो. काम असो वा नसो, नळ चालूच. याउलट सीमॉस नावाची जात मुख्यतः स्विच होतानाच करंट खाते. पाणी हवं तेव्हाच नळ उघडायचा. पण सीमॉस हळू. मनगटी घड्याळं, कॅल्क्युलेटर, पुढे पीसी... तिथे ठीक. मेनफ्रेममध्ये ती वापरायची म्हणजे ट्रकला लुनाचं इंजिन बसवणं, असं मानणारे खूप होते.

१९९३ साली आयबीएमला आठ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मेनफ्रेम मेला असं लोक उघड बोलू लागले. १९९४ मध्ये आयबीएमने सीमॉसवर चालणारी पहिली मोठी मेनफ्रेम मशीन्स आणली. हवेवर थंड होणारी. एकेका प्रोसेसरचा वेग बघितला तर ती त्यांच्याच बायपोलर मशीन्सपेक्षा हळू होती. विचार करा, काय मीटिंगा झाल्या असतील! नवीन प्रॉडक्ट जुन्यापेक्षा हळू आहे, हे कस्टमरला सांगायचं कसं? पण सीमॉस दरवर्षी सुधारत होतं आणि बायपोलर भिंतीला टेकलं होतं. १९९८ च्या पिढीत सीमॉसने बायपोलरला मागे टाकलं. आणि वीज? दीडशे केव्हीएच्या जागी पाच-सहा केव्हीए. हजारो चिप्सच्या जागी काही डझन. पाण्याचे पाइप, ती कपाटं, ते दट्ट्ये, सगळं भंगारात.

म्हणजे पाणी गेलं ते आणखी चांगला कूलर सापडला म्हणून नाही. उष्णताच कमी झाली, म्हणून गेलं.

आणि गंमत अशी, की मोठ्या मशीन्समधून पाणी बाहेर पडत असतानाच ते पोरांच्या खोल्यांमध्ये शिरलं. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. स्वस्तातला प्रोसेसर. पण मदरबोर्डावर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३०० च्या जागी ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. गरिबाच्या पैशात श्रीमंताचा कॉम्प्युटर! ओव्हरक्लॉकिंगचं वेड तिथून पेटलं. वेग वाढवला की ताप वाढणार, मग अमेरिका-युरोपातल्या पोरांनी काय करावं? भंगारातल्या गाडीचा केबिन हीटर काढून त्याचा छोटा रेडिएटर घ्यायचा. फिश टँकचा पंप आणायचा, जर्मनीच्या एहाइमचा असला तर उत्तम. तांब्याचा ठोकळा घरीच कोरून ब्लॉक करायचा. हार्डवेअरच्या दुकानातून नळी नि क्लिप. की झालं!

त्या जुगाडाच्या खुणा आजच्या महागड्या कस्टम लूपवर जागोजागी आहेत. फिटिंग्जचे पाव इंची आटे प्लंबिंगमधून आले. आज हमखास शिफारस होते तो डी५ पंप हा मुळात कॉम्प्युटरसाठी जन्मलेला नाही, तो गरम पाणी फिरवणाऱ्या पंपांच्या घराण्यातला. फक्त आता त्यावर आरजीबी लागलंय, एवढंच.

दुसरं वळण २००४ सालचं. तोवर सगळी इंडस्ट्री एका नियमावर निवांत होती. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलेला नियम असा, की ट्रान्झिस्टर लहान करा, सोबत व्होल्टेज कमी करा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावले तरी ताप तेवढाच राहील. फुकटची मेजवानी. पण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून करंट गळायला लागला आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. सीमॉसचा नळसुद्धा ठिबकायला लागला म्हणा ना! इंटेलच्या पॅट गेल्सिंगरने २००१ मध्येच एका परिषदेत इशारा दिला होता, की हे असंच चाललं तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट आला. नवीन ९० नॅनोमीटरचा, म्हणजे थंड असायला हवा होता. निघाला आधीच्यापेक्षा तापट, शंभर वॅटच्या पुढे. मे महिन्यात इंटेलने त्याचा पुढचा वारस, तेजस, रद्द केला. (हो, नाव तेजसच. तेज जरा जास्तच झालं असावं.) ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द झाला आणि इंटेलचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत भर स्टेजवर गुडघे टेकून, गमतीत का होईना, माफी मागितली.

तिकडे ॲपलचं दुखणं तेच. स्टीव्ह जॉब्सने २००३ मध्ये सांगितलं होतं, वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी५ देतो. २००४ मध्ये आला २.५ गिगाहर्ट्झचा, आणि तोही दुकानातूनच लिक्विड कूलिंग घेऊन. पुढे त्यातल्या काही मशीन्समधून कूलंट गळून नुकसान झाल्याचंही गाजलं. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जायचं जाहीर केलं तेव्हा जॉब्सने भर दिला तो 'दर वॅटमागे किती काम' यावर. नुसत्या वेगावर नाही.

आणि दुसऱ्यांदा तेच घडलं. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. गिगाहर्ट्झ कमी, ताप ६५ वॅट, आणि तरी पेंटियम ४ ची पार धुलाई. साध्या पंख्यावर. पाणी परत हौसेपुरतं उरलं.

आता तिसरी फेरी, आणि या वेळी नायक आहे ग्राफिक्स कार्ड. २०१६ चं जीटीएक्स १०८० होतं १८० वॅटचं. २०२० चं आरटीएक्स ३०९० साडेतीनशे. २०२२ चं ४०९० साडेचारशे. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेलं ५०९० थेट ५७५ वॅट. त्यातली मुख्य चिप ७५० चौरस मिलिमीटरची. मेमरी-बिमरीचे वॅट वजा केले तरी दर चौरस सेंटिमीटरला पन्नास-साठ वॅट सहज होतात. घरातली हजार वॅटची इस्त्री दर चौरस सेंटिमीटरला पाचच्या आसपास असते. म्हणजे एकावर एक रचलेल्या दहा-बारा इस्त्र्या!

तरीही एनव्हिडियाने स्वतः काढलेलं ५०९० हवेवर चालतं, तेही दोन स्लॉटच्या जाडीत. कसं? आतली व्हेपर चेंबर. तांब्याची सीलबंद डबी, आत थोडंसं द्रव, सहसा पाणीच. चिपपाशी त्याची वाफ होते, थंड बाजूला परत पाणी होतं. म्हणजे ज्याला आपण एअर कूलिंग म्हणतो त्याच्याही पोटात पाणी आहेच. फक्त ते गळत नाही आणि दिसत नाही.

तर या सगळ्या इतिहासातून आपल्या एक्सेल शीटमध्ये काय उतरवायचं?

पहिली ओळ रेडिएटरची नको. पहिली ओळ वॅटची. ५०९० चे ५७५ आणि रायझन ७ ९८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरचे १२०, म्हणजे पूर्ण भाराला सातशे वॅटच्या आसपास. गेमिंगसाठी उत्तम मानला जाणारा हा प्रोसेसर १२० वॅटचा आहे, हे नीट बघा. त्याला पाण्याची गरज नाही, चांगला एअर कूलर पुरतो. पाणी घालायचंच तर आधी कार्डाला. आणि कार्डाचाही पॉवर लिमिट थोडा उतरवून बघा. शेवटचे शंभर वॅट जेवढा ताप देतात तेवढे फ्रेम्स देत नाहीत. १९९४ च्या आयबीएमने आणि २००६ च्या इंटेलने जे अब्जावधी खर्चून केलं, ते आपण एका स्लायडरवर थोडंफार करू शकतो. फुकटात.

मग हमालाचा हिशोब. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर सातशे वॅटने ते फक्त अडीच अंश तापतं. म्हणून 'आधी प्रोसेसर की आधी कार्ड' या क्रमावर रात्री जागवू नका, काही फरक पडत नाही. रेडिएटर किती, हे मात्र महत्त्वाचं. शंभर वॅटमागे १२० मिलिमीटरचा एक चौकोन, हा जुना सावध आडाखा. त्याने सात चौकोन लागतात, म्हणजे दोन ३६० चे रेडिएटर आणि वर एक. आणि आयबीएमच्या मागे बिल्डिंगचा चिलर होता, आपल्यामागे बेडरूम आहे. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीसवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. ते सातशे वॅट खोलीतच येणार, आणि मग एसीने ते परत बाहेर फेकायचे. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा गेमसाठी राखीव!

धातू एकाच घराण्यातले घ्या. ब्लॉक तांब्याचा (निकेलचा मुलामा चालेल) आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, असं लग्न लावलं की पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जातं. पाणी डिस्टिल्ड, सोबत गंजरोधक आणि शेवाळरोधक, किंवा सरळ तयार कूलंट. बोअरवेलचं तर चुकूनही नको. दुधासारखे दिसणारे रंगीत कूलंट फोटोपुरते ठेवा, त्यातले कण ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत जाऊन बसतात. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा आणि पाणी भरण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासा. साठ वर्षांत बाकी सगळं बदललं, पण पाणी आणि वीज यांचं वैर तसंच आहे.

मोठ्या मशीन्सची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. आयबीएमने २००८ मध्ये पॉवर ५७५ या सुपरकॉम्प्युटरमध्ये पाणी परत आणलं. आपल्या पुण्यात, आयसरमध्ये २०१९ ला सुरू झालेला परम ब्रह्म हासुद्धा थेट चिपपाशी पाणी नेणारा. २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या एनव्हीएल७२ या एआयच्या रॅकमध्ये ७२ जीपीयू आहेत आणि एका कपाटाची भूक १२० किलोवॅटच्या घरात. क्रे-१ पेक्षाही जास्त! तिथे पाणी हौस म्हणून नाही, दुसरा इलाज नाही म्हणून आहे. १९८० सारखंच.

फरक एकच. १९८० च्या दशकात हळू पण थंड असं सीमॉस बाजूला उभं राहून मोठं होत होतं. २००४ मध्ये कोअर २ चं डिझाइन इंटेलच्याच घरात तयार होत होतं. या वेळी तसा कुणी बाजूला उभा दिसत नाही. माझ्या मते पाणी हे उष्णतेच्या प्रश्नाचं उत्तर कधीच नव्हतं, ती मुदतवाढ होती. दोनदा ती मुदत कामी आली, कारण त्या वेळात कुणीतरी कमी तापणारी गोष्ट शोधली. या वेळची मुदत किती लांबेल ते आपल्या वीजबिलात कळेलच.

असो. हौस म्हणून लूप बांधायचा असेल तर जरूर बांधा, सेमूर क्रेला कळली असती ती हौस. शांत चालतो, देखणा दिसतो आणि दोन वीकेंड मजेत जातात. फक्त पाण्याचं माप काढण्याआधी वॅटचं माप काढा.